स्टेअर चेअरच्या पट्ट्याला तेल लावू नका

"दादा, ट्रॅकमधून आवाज येऊन राहिला. थोडं तेल टाकू का?"

स्टेअर चेअर म्हणजे पेशंटला बसवून जिन्यावरून खाली उतरवायची खुर्ची, आणि ट्रॅक म्हणजे तिच्या मागची रबरी पट्ट्यांची जोडी. रुग्णवाहिकेवर नवी मुलं रुजू झाली की महिन्याभरात हा प्रश्न येतोच. विचारला तर मला बरं वाटतं. काही वर्षांपूर्वी एकाने विचारलं नव्हतं. मोटरसायकलच्या चेनला मारायचा फवारा गाडीत पडला होता. त्याने भल्या मनाने तो दोन्ही पट्ट्यांवर मारला आणि वरून फडकं फिरवून चकाचक केलं. त्याच संध्याकाळी नागपूरच्या धंतोलीत तिसऱ्या मजल्यावरून एका आजोबांना उतरवायचं होतं. पहिल्या चार पायऱ्यांतच खुर्ची हाताबाहेर जायला लागली. खाली असलेल्या माणसाने गुडघा आडवा घातला, आम्ही वरून मुठी आवळल्या आणि ती कशीबशी थांबवली. उरलेला जिना ट्रॅक मिटवून, खुर्ची उचलून उतरलो. आजोबांना खरचटलंही नाही. खाली आल्यावर म्हणाले, "सुरुवात तर लय जोरात केली राजेहो." गुडघा घालणारा मात्र दोन आठवडे लंगडत होता.

तेव्हापासून नव्या माणसाच्या हातात खुर्ची देण्याआधी मी जे सांगतो, ते इथे लिहितो आहे. रुग्णवाहिकेवर असाल, रुग्णालयाच्या देखभाल विभागात असाल, किंवा एखाद्या उंच इमारतीत जिन्याशेजारी भिंतीला टांगलेल्या खुर्चीची जबाबदारी तुमच्या गळ्यात पडली असेल, तरी काम बहुतांशी तेच आहे. एक शब्द आधीच ठरवून घेऊ. पेशंटला बांधतो त्याला आपण बेल्ट म्हणू आणि ट्रॅकवर फिरतो त्या रबराला पट्टा. दोन्हींना पट्टा म्हटलं की नोंदवहीत घोळ होतो. आमच्याकडे झाला आहे.

पट्टा हाच ब्रेक

मोटरसायकलच्या चेनचं काम ताकद पोहोचवणं. तिथे घासणं म्हणजे नुकसान, म्हणून तेल. बिनमोटरच्या स्टेअर चेअरमध्ये सगळं उलटं आहे. खुर्चीच्या मागे दोन रेल उघडतात. प्रत्येक रेलवर रबराचा एक बंद पट्टा असतो आणि तो दोन टोकांच्या पुलींभोवती फिरतो. खुर्ची मागे कलवली की हे पट्टे पायऱ्यांच्या कडांवर टेकतात. पट्ट्याची बाहेरची बाजू कड धरून ठेवते. खुर्ची खाली सरकते तसा पट्टा फिरतो आणि त्याची आतली बाजू रेलवर घासते. उतरण्याची चाल या आतल्या घासण्यावर ठरते. काही कंपन्या त्याला वेग रोखणाऱ्या यंत्रणेची जोड देतात, पण बहुतेक साध्या खुर्च्यांत रबर आणि रेल एवढाच ब्रेक असतो.

म्हणजे एकाच पट्ट्याच्या दोन बाजूंकडून आपल्याला दोन वेगळी कामं हवी आहेत. बाहेरून पकड जितकी पक्की तितकी चांगली. आतून घर्षण मोजकं हवं, कंपनीने ठरवलं तेवढंच. बाहेर तेल लागलं तर पट्टा फिरायच्या ऐवजी कडेवरून नुसता घसरतो. तेल आत झिरपलं तर पट्टा फिरतो, पण रोखत नाही. धंतोलीत दोन्ही एकदम झालं होतं.

यात एक गोष्ट मला फार आवडते. पेशंट जड असेल तर पट्टा रेलवर जास्त दाबला जातो आणि घर्षणही त्याच प्रमाणात वाढतं. म्हणून पन्नास किलोची आजी आणि नव्वद किलोचे काका त्याच पट्ट्यांवर जवळपास सारख्याच चालीने उतरतात, कुठलंही बटण न फिरवता. हे गणित रबर स्वच्छ, कोरडं आणि योग्य ताणलेलं असेपर्यंतच चालतं. खुर्चीच्या पाटीवर लिहिलेल्या कमाल वजनापलीकडे तर अजिबात नाही.

आता पायऱ्यांचं थोडं गणित. राष्ट्रीय बांधकाम संहिता २०१६ नुसार राहत्या इमारतीत एक पायरी जास्तीत जास्त १९० मिमी उंच आणि पाय ठेवायची जागा कमीत कमी २५० मिमी असावी लागते. अशा जिन्याचा उतार साधारण ३७ अंशांचा होतो आणि एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंतचं तिरकं अंतर सुमारे ३१४ मिमी भरतं. ट्रॅकचा टेकणारा भाग याच्या दुपटीहून, म्हणजे ६३० मिमीहून लांब असेल तरच कोणत्याही क्षणी किमान दोन कडा त्याच्या खाली राहतात. देखभालीशी याचा संबंध असा की पेशंटचं सगळं वजन प्रत्येक पट्ट्याच्या फक्त दोन-तीन बोटभर जागांवर असतं. पट्टा बाकी सगळा उत्तम असेल, पण एका ठिकाणी हातभर गुळगुळीत झाला असेल, तर ती जागा कडेवर येईल त्या क्षणी खुर्ची झटका देणारच. म्हणून पट्टा "एकंदरीत ठीक" असून भागत नाही. तो पूर्ण फेरा फिरवून बघावा लागतो.

महाल-इतवारीतल्या जुन्या वाड्यांचे जिने याहून कितीतरी उभे असतात आणि वळणावर पंख्याच्या पात्यांसारख्या निमुळत्या पायऱ्या असतात. तिथे ट्रॅक वापरूच नये, माणसं वाढवून उचलावं. अशा जिन्यावर ओढलेल्या खुर्चीच्या पट्ट्यांच्या कडा फाटतात आणि त्याचा दोष नंतर उगाच कंपनीवर येतो.

बॅटरीवर चालणाऱ्या खुर्च्यांचं थोडक्यात सांगतो. त्यांचे पट्टे बाहेरून पुसा आणि नजरेने तपासा. मोटर आणि गिअरच्या भागात हात घालू नका, ते काम कंपनीच्या माणसाचं. पुढचं सगळं बिनमोटरच्या खुर्चीसाठी आहे. तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेत यापेक्षा वेगळं काही असेल तर पुस्तिकेचं ऐका.

आधी खुर्ची बाजूला काढा

हँडलला लाल चिंधी बांधा आणि "वापरू नका" असा कागद लावा. हसू नका. एकदा मी पट्टा सैल करून पाना आणायला आत गेलो आणि तेवढ्यात कॉल आला म्हणून पोरं खुर्ची घेऊन निघालीसुद्धा. गेटवर गाठलं.

गाडीतून काढल्या काढल्या पट्टा तपासायला बसू नका, निदान उन्हाळ्यात तरी नाही. नागपुरात २३ मे २०१३ ला ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं आहे. २०२४ च्या मे अखेरीस इथल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले तेव्हा देशभर बातमी झाली. नंतर हवामान खात्याने सेन्सरची चूक असल्याचं सांगितलं. पण उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीच्या मागच्या कप्प्यात नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, तेवढं तापमान खरोखरच असतं. तापलेलं रबर मऊ पडतं, त्याचा ताण वेगळा लागतो आणि नखाने दाबलं तर छान लवचीक वाटतं. तेच सकाळी थंड असताना दाबा, खरी गोष्ट कळते. खुर्ची तासभर सावलीत ठेवा, मग हात लावा.

सामान फार लागत नाही: जुना टूथब्रश, दोन सुती फडकी, कोमट पाणी, सौम्य साबण, खडू, स्टीलची मोजपट्टी, उजेडासाठी बॅटरी (टॉर्च), बारीक आकडा किंवा शिवण उसवायचं हत्यार, तुमच्या खुर्चीला बसतील असे पाने आणि आलन की, आणि लाल नेलपॉलिश. नेलपॉलिश कशाला ते पुढे येईल.

घाण ओळखायला शिका

पट्ट्यावर काय लागलं आहे हे कळलं की ते कसं काढायचं हे आपोआप कळतं. आपल्या शहरात घाणीचंसुद्धा पंचांग आहे.

उन्हाळ्यात कोरडी माती आणि सिमेंटची धूळ. ही ब्रशने झटकून निघते, फक्त पाणी आधी लावू नका. ओली केली की तिचा चिखल होतो आणि पट्टा-रेलच्या फटीत जाऊन सँडपेपरसारखा घासत बसतो. याच दिवसांत घरोघरी कूलर चालतात आणि ज्या इमारतीत कूलर जिन्याच्या खिडकीत असतो, तिथे दोन-तीन पायऱ्या कायम ओल्या. पॉलिश केलेला ग्रॅनाइट ओला असला की चांगला पट्टाही पकड सोडतो. तो दोष पट्ट्याचा नाही. वर जाताना जिना बघत जा आणि ओल दिसली तर फडकं मारून मगच खाली या.

पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल. विदर्भाची काळी माती वाळली की दगड होते. ती खरवडू नका. ओल्या फडक्याने भिजवून मऊ करा आणि मग ब्रश मारा.

दिवाळीत दोन शत्रू एकदम येतात. पायऱ्यांवरच्या पणत्यांचं सांडलेलं तेल, आणि रांगोळी. रांगोळी म्हणजे बारीक दगडाची भुकटी. रबर आणि फरशीच्या मध्ये ती गेली की बारीक छऱ्यांवरून चालल्यासारखं होतं. दारातली रांगोळी मोडायला कुणाचं मन होत नाही, पण पेशंट खाली आणताना ती झाडून बाजूला करायला घरच्यांना सांगा. कुणी नाही म्हणत नाही. आणि दिवाळीच्या आठवड्यात प्रत्येक कॉलनंतर पट्टे साबणाने पुसा, नुसते कोरडे नाहीत.

जानेवारीत मांजा. बंदी असूनही नायलॉनचा मांजा संक्रांतीच्या आसपास गल्लोगल्ली, जिन्यांत, गच्च्यांवर पडलेला असतो. तो चाकात आणि पुलीच्या दांड्यावर गुंडाळला जातो, दिसत नाही, आणि आत आत जाऊन बेअरिंगचं सील कापतो. केस आणि साडी-दुपट्ट्याचे धागे वर्षभर हेच करतात, फक्त सावकाश. बॅटरीच्या उजेडात पुलीच्या दोन्ही बाजू बघा. धागा दिसला की आकड्याने उचला, कापा आणि उलट्या दिशेने सोडवा. जोरात ओढलात तर तो आणखी आवळतो.

आता धुण्याची पद्धत. ब्रशने कोरडी झटक. मग कोमट पाण्यात थोडा सौम्य साबण, फडकं बुडवून घट्ट पिळा आणि पट्ट्याची बाहेरची बाजू पुसा. पट्टा हाताने थोडा पुढे सरकवा, पुन्हा पुसा, असं पूर्ण फेरा होईपर्यंत. आतल्या बाजूसाठी फडक्याची घडी पट्टा आणि रेलच्या मध्ये सारा आणि पट्टा फिरवा. शेवटी साध्या पाण्याच्या फडक्याने साबण काढा. साबणाचा पातळ थर वाळून राहिला तर पुढच्या ओल्या जिन्यावर तोच घसरवतो. सावलीत, पंख्याखाली वाळवा. उन्हात नको.

गाडी धुताना खुर्चीवर प्रेशरचा पाइप मारायचा मोह होतो. मारू नका. पाणी बेअरिंगमध्ये शिरतं, आतलं ग्रीस बाहेर येतं आणि ते येतं ते नेमकं पट्ट्यावर. पेट्रोल, डिझेल, रॉकेल, थिनर यांनी डाग पटकन निघतो आणि रबर फुगतं, मऊ पडतं, मग तडकतं. टायर चमकवायचं पॉलिश तर पट्ट्याजवळ आणूच नका. टायरला ते फक्त बाजूंवर लावतात, रस्त्यावर टेकणाऱ्या भागावर नाही. असं का, याचा एकदा विचार करा.

तेल सांडलंच असेल तर साबणाचं पाणी थोडं जास्त कडक करून तीन-चार वेळा पुसा, दर वेळी नवं फडकं घ्या. नंतर पांढरा टिश्यू पेपर पट्ट्यावर दाबून धरा. त्यावर तेलकट डाग उमटत असेल तर अजून पुसा. चार-पाच वेळा करूनही उमटत असेल तर रबराने तेल पिलं आहे, पट्टा बदला. चेनच्या फवाऱ्याचे ते दोन्ही पट्टे आम्ही शेवटी फेकलेच.

रक्त किंवा उलटी असेल तर देखभालीआधी संसर्ग-नियंत्रण. हातमोजे घाला, आधी टिपून घ्या, मग १ टक्का सोडियम हायपोक्लोराइट लावून दहा मिनिटं राहू द्या. त्यानंतर साध्या पाण्याच्या फडक्याने दोनदा पुसा. हे दोनदा पुसणं लोक विसरतात, आणि ते द्रावण राहिलं की रबर कडक होतं आणि ॲल्युमिनियमच्या रेलवर पांढरे खड्डे पडतात. वापरलेली फडकी जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत. हायपोक्लोराइटमध्ये फरशी किंवा संडास धुण्याचं ॲसिड कधीही मिसळू नका, विषारी वायू सुटतो.

पूर्ण फेरा, दोन्ही बाजूंनी

खुर्ची आडवी ठेवा, ट्रॅक उघडा. उघडताना कुलपाचा "टक" आवाज आला पाहिजे आणि हाताने ढकलून ट्रॅक मिटता कामा नये. इथेच अडलं तर पट्ट्याकडे जाऊच नका, आधी कुलूप दुरुस्त करून घ्या.

पट्ट्यावर खडूने एक रेघ मारा. ती रेघ परत त्याच जागी येईपर्यंत पट्टा हळूहळू फिरवायचा आणि प्रत्येक वीत बघायची. सपाट भागात भेगा दिसत नाहीत. पुलीच्या वळणावर पट्टा ताणला जातो आणि भेगा तोंड उघडतात, म्हणून नजर पुलीवर ठेवा. आडव्या बारीक भेगा म्हणजे रबर म्हातारं झालं. ऊन, उष्णता आणि हवेतला ओझोन ही कारणं. ठिणग्या उडणाऱ्या जुन्या मोटरीजवळ किंवा वेल्डिंग चालतं तिथे खुर्ची ठेवू नये ती यासाठीच, तिथे ओझोन तयार होतो आणि ताणलेलं रबर आधी चिरतं. आतले दोरे दिसायला लागले असतील, जोड सुटत असेल, रबराचा तुकडा उडाला असेल, तर चर्चा नको. खुर्ची बंद.

चकाकीबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण नवे लोक तिथेच चुकतात. चमकणारा पट्टा त्यांना स्वच्छ वाटतो. चांगला पट्टा मळकट काळा, पाटीसारखा दिसतो आणि बोट फिरवलं की बोट अडखळतं. चकाकी म्हणजे रबराचा वरचा थर घासून, तापून कडक झाला. नखाने दाबून बघा. चांगल्या रबरावर खूण उमटते आणि लगेच जाते. उमटतच नसेल तर ते कडक झालं आहे. सँडपेपर मारून खडबडीत करायचा सल्ला कुणीतरी देईल. चार दिवस पकड परत येते, पण पट्टा एकसारखा जाड राहत नाही आणि मग प्रत्येक फेऱ्यात तीच पातळ जागा झटका देते. मी करत नाही.

एकाच कडेला दोरे सुटले असतील किंवा एकच कड चमकत असेल तर पट्टा सरळ धावत नाही. पुली तिरकी आहे, रेल वाकली आहे किंवा दोन बाजूंचा ताण सारखा नाही. नुसता पट्टा बदलला तर नवाही महिन्याभरात तसाच होईल. रुतलेले खडे आकड्याने काढा. शेवटी पुली हाताने फिरवा. खरखर लागली तर बेअरिंग गेलं. ही बेअरिंग बहुधा बंद प्रकारची असतात, त्यांना बाहेरून तेल देऊन काही साधत नाही. दिलेलं तेल पट्ट्यावर येतं, एवढंच.

ताण: चतुर्थांश फेरा आणि धीर

ताण किती असावा याचा आकडा मी देणार नाही. तो प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो आणि पुस्तिकेत दिलेला असतो: रेलच्या मध्यावर इतक्या जोराने दाबलं तर पट्टा इतके मिलिमीटर हलावा, अशा भाषेत. पुस्तिका हरवली असेल तर खुर्चीच्या पाटीवरचा मॉडेल क्रमांक कळवून विक्रेत्याकडून मागवा. अंदाजाने ताणू नका.

मोजायची जागा खडूने कायमची ठरवा. तिथे स्टीलची मोजपट्टी उभी धरून अंगठ्याने दाबा आणि मोजा. डावा, उजवा, मग पट्टा अर्धा फेरा फिरवून पुन्हा दोन्ही. चारही आकडे लिहा. एकाच पट्ट्याचे दोन आकडे फार वेगळे आले तर तो कुठेतरी लांबला आहे, ताण देऊन ते सुधारत नाही.

सैल पट्टा रेलवरून उतरू पाहतो आणि आत घासण्याचा जोर कमी झाल्याने खुर्ची वेगाने सुटते. अति ताणलेला पट्टा फिरतच नाही. मग वरचा माणूस ढकलतो, खुर्ची अडते, एकदम सुटते, पेशंट घाबरून कठडा पकडतो आणि हात अडकतो. जास्त ताणलं म्हणजे जास्त सुरक्षित, हा समज त्यामुळे सोडा. साधारण नियम असा की बिनमोटरच्या खुर्चीत ताण वाढवला की चाल मंदावते आणि कमी केला की वाढते. पुस्तिकेतल्या मर्यादेत राहून याच नियमाने चाल बसवायची असते.

ताणाच्या बोल्टला जागेवर धरणारा लॉक नट सैल करा. ताणाचा बोल्ट पाव फेरा फिरवा, लगेच दुसऱ्या बाजूचाही पाव फेरा. पट्टा दोन-तीन पूर्ण फेरे हाताने फिरवा म्हणजे ताण सगळीकडे सारखा पसरतो, आणि मगच मोजा. न फिरवता मोजलेला आकडा खोटा असतो. आकडा बसला की लॉक नट आवळा आणि पुन्हा मोजा, कारण आवळताना बोल्ट थोडा फिरतोच. आता ते नेलपॉलिश: नट आणि शेजारच्या धातूवरून एक सरळ लाल रेघ ओढा. पुढे कधीही रेघ तुटलेली दिसली म्हणजे नट फिरला आहे, पाना न लावता कळतं. घरून नेलपॉलिश आणताना आधी विचारून आणा.

जिन्यावरची चाचणी

साफसफाई असो की ताण बदलणं, काम झालं की खुर्ची पेशंटकडे नाही, आधी ठरलेल्या जिन्यावर जाते. आम्ही कायम एकच जिना वापरतो: कोरडा, उजेडाचा, दहा पायऱ्यांचा, खाली मोकळी जागा असलेला. वजन म्हणून वाळूची पोती, साठ किलोच्या आसपास, पेशंटच्या बेल्टनेच खुर्चीला करकचून बांधलेली. पाण्याचे कॅन नकोत, त्यातलं पाणी हिंदकळतं आणि चाचणी बिघडते. पहिल्याच वेळी कुणा सहकाऱ्याला हौसेने बसवू नका.

एक जण वर हँडल धरून, एक जण खाली पायाच्या बाजूला, आणि तिसरा कठड्याशेजारी मोबाइलवर वेळ लावून. दहा पायऱ्यांना किती सेकंद लागले ते लिहा. तीनदा उतरवा. हा आकडा दुसऱ्या खुर्चीशी किंवा दुसऱ्या जिन्याशी ताडून बघायचा नाही, याच खुर्चीच्या मागच्या महिन्याच्या आकड्याशी ताडायचा. एका खुर्चीचे सेकंद दर महिन्याला थोडे थोडे कमी होत होते. हाताला तसा काहीच फरक जाणवत नव्हता, कारण रोजच्या वापरात हातालाच सवय होते. उघडल्यावर एका रेलच्या आत ग्रीस सापडलं.

उतरताना तीन गोष्टींकडे लक्ष द्या. खुर्ची एका बाजूला ओढते का? ज्या बाजूला वळते त्या बाजूचा पट्टा जास्त अडतो आहे, किंवा समोरचा जास्त सैल आहे. ठरावीक अंतराने झटका बसतो का? खडूची रेघ लक्षात ठेवून पाहा, बहुधा पट्ट्याची एकच जागा सापडेल. मधेच थांबवायला नेहमीपेक्षा जास्त जोर लागतो का? लागत असेल तर परत ताणाकडे जा.

आणि आवाज, ज्याच्यापासून सुरुवात झाली. कोरडं रबर रेलवर घासताना थोडी घरघर करणारच, ती चालू द्या. खटखट येत असेल तर खडा किंवा जोड, करकर येत असेल तर बेअरिंग. चूं चूं बहुतेक वेळा साबण नीट न निघाल्याने येते. कुठल्याही आवाजावर तेल हा इलाज नाही. एखाद्या कंपनीने आतल्या बाजूला अमुक कोरडं वंगण लावा असं पुस्तिकेत लिहिलं असेल, तर तेच, तेवढंच आणि तिथेच लावा.

कधी काय

प्रत्येक कॉलनंतर पुसणं आणि नजर टाकणं, दोन मिनिटांचं काम. आठवड्यातून एकदा पूर्ण फेरा. महिन्यातून एकदा ताण आणि जिना. याशिवाय नवतपा संपल्यावर, पहिल्या मोठ्या पावसानंतर, दिवाळीनंतर आणि संक्रांतीनंतर एकेक जादा तपासणी. खुर्ची गाडीत सावलीच्या बाजूला, वर ऑक्सिजनचा सिलिंडर किंवा स्ट्रेचर न रचता ठेवा. उन्हाळ्यात आठवडाभर मिटलेली पडली असेल तर पुलीच्या वळणावर रबर तसंच वाकून बसतं, म्हणून अधूनमधून उघडून पट्टा अर्धा फेरा फिरवून ठेवा.

इमारतीत भिंतीवर टांगलेल्या खुर्च्यांचं दुखणं वेगळं आहे. त्या वापराने नाही, न वापरल्याने खराब होतात. या शहरात १९५७ पासून राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे, पण त्याच शहरात मी अशी खुर्ची पाहिली आहे जिच्या कव्हरवर बोटाने नाव लिहिता येईल एवढी धूळ होती आणि खिडकीच्या बाजूचा पट्टा उन्हाने राखाडी होऊन तडकला होता. राज्याच्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे जानेवारी आणि जुलैत यंत्रणा सुस्थितीत असल्याचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. पंप आणि नळ्या तपासायला माणूस येईल त्याच दिवशी खुर्चीही खाली काढा, वॉचमनला सोबत घ्या, जिन्यावरून उतरवून दाखवा आणि त्याच्याकडूनही उतरवून घ्या.

पट्टा बदलताना

दोन्ही एकदम बदला. एक नवा, एक जुना ठेवला तर पकड वेगळी पडते आणि खुर्ची वाकडी धावते. इतवारीच्या बाजारात कुठल्याही यंत्राचा पट्टा मिळतो, लांबी-रुंदी सांगितली तर अगदी मापाचाही काढून देतील, आणि किंमत ऐकून साहेबांचे डोळे चमकतील. पण तो पट्टा पुलीवर न घसरता ताकद नेण्यासाठी बनवलेला असतो, रेलवर ठरावीक घर्षणाने घासण्यासाठी नाही. मापाने बसेल, चालीने बसणार नाही. कंपनीचा भाग क्रमांक टाकूनच मागवा आणि एक जोडी कपाटात थंड जागी, गुंडाळी सैल ठेवून, जपून ठेवा.

नव्या पट्ट्यावर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर तो आधी बघा, नाहीतर सगळं बसवल्यावर पुन्हा उघडावं लागतं. जुना काढण्याआधी मोबाइलवर दोन्ही बाजूंचे फोटो घ्या. पट्टा चढवताना पेचकसने उचकटू नका, आतले दोरे तुटतात आणि बाहेरून दिसत नाहीत. ताण पूर्ण सैल करा, हाताने चढवा. नवा पट्टा पहिल्या काही उतारांत थोडा लांबतो, म्हणून जिन्यावर दहा-बारा वेळा उतरवून ताण पुन्हा मोजा, आणि आठवड्याने परत एकदा. नोंदवहीत तारीख, भाग क्रमांक, चारही आकडे, सेकंद आणि सही.

काढलेला जुना पट्टा कोपऱ्यात ठेवू नका. अडीअडचणीला असू दे म्हणून कुणीतरी उचलतो आणि सहा महिन्यांनी तो दुसऱ्या खुर्चीवर चढलेला सापडतो. कात्रीने दोन ठिकाणी कापा, मगच टाका.